काशीहून जाऊन-येऊन एक दिवस: सारनाथची गोष्ट

मागच्या भागात आपण काशीच्या घाटांवर होतो. आज गावाबाहेर पडायचं आहे, पण फार लांब नाही. वाराणसी सिटी स्टेशन सोडलं की त्या मार्गावरचं पुढचं स्टेशन सारनाथ. उतरून चालत गेलं तरी थोड्या वेळात धमेख स्तूप दिसायला लागतो.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आत्याने दोनदा काशी केली. प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी यात्रा, अगदी रीतसर. गंगेचं पाणी आणलं, मावंदं घातलं. पण सारनाथला ती एकदाही गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, ते आपल्या यात्रेत येत नाही." त्यानंतर काही वर्षांनी मी महानगरी एक्सप्रेसने वाराणसीला निघालो. भुसावळला आमच्या डब्यात एक कुटुंब चढलं. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. आजींची साडी पांढरीशुभ्र. त्यांना विचारलं, "काशीला का?" त्या म्हणाल्या, "नाही बाबा, सारनाथला." काशी त्यांच्यासाठी फक्त उतरायचं स्टेशन होतं.

गाडी एक, भाषा एक, स्टेशनही एकच. आणि तिथून दोन मराठी घरांच्या दोन वाटा. हे असं का झालं, हे समजून घ्यायला सारनाथला कोण कोण येत होतं, ते बघावं लागतं.

एक दिवसाची सहल म्हटली की लोक इंग्लंडमधल्या थॉमस कुकचं नाव घेतात. 5 जुलै 1841 रोजी त्याने सुमारे पाचशे माणसांना एक शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेऊन परत आणलं. त्यानंतर रेल्वेच्या जोरावर इंग्लंड-वेल्समधली कितीतरी खेडी, धबधबे, दऱ्या सुट्टीच्या गर्दीने भरून गेल्या. आपल्याकडे माथेरानला छोटी गाडी 1907 मध्ये सुरू झाली, तोही त्यातलाच प्रकार. मग सारनाथलाही रेल्वेनेच माणसं आणली, असं आपल्याला वाटेल. तसं नाही. इथे येण्याची रीत रेल्वेपेक्षा दोन हजार वर्षांनी जुनी आहे.

पुरावा तिथेच आहे. अशोकाच्या स्तंभाचा तुटलेला भाग आजही जागेवर उभा आहे आणि त्यावर ब्राह्मीत राजाज्ञा कोरलेली आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर ठेवावं, ही त्यातली आज्ञा अनेकांना माहीत असते. पुढचा भाग मात्र फार कमी जण वाचतात. या आज्ञेची एक प्रत उपासकांजवळ, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या गृहस्थांजवळ ठेवावी आणि त्यांनी दर उपोसथाच्या दिवशी येऊन ती समजून घ्यावी, असं राजा सांगतो. अधिकाऱ्यांनीही यावं, असंही सांगतो. म्हणजे घरदार सांभाळणाऱ्या माणसाने ठरलेल्या दिवशी इथे यायचं, ऐकायचं, परत जायचं.

सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग आला तेव्हा इथे दीड हजार भिक्षू होते. बाराव्या शतकात गाहडवाल राजा गोविंदचंद्र याची राणी कुमारदेवी हिने विहार बांधला. त्यानंतर विहार ओस पडले. पण जागा ओस पडली का? पुस्तकं म्हणतात, सारनाथ विस्मृतीत गेलं. बनारसी माणसाला हे विचारून बघा. जवळच सारंगनाथाचं देऊळ आहे, एकाच गाभाऱ्यात दोन शिवलिंगं. श्रावणात तिथे जत्रा भरते. शिवाय बनारसचा जुना शौक आहे, त्याला म्हणतात 'बहरी अलंग', म्हणजे गावाबाहेरची बाजू. मंडळी जमवायची, गावाबाहेर जायचं, भांग घोटायची, आंघोळ करायची, गोवऱ्यांवर बाट्या भाजायच्या, सोबत वांग्या-बटाट्याचा चोखा, आपल्या भरतासारखा. लोक येतच होते. फक्त समोरचा ढिगारा कशाचा, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

आणि ते माहीत नसलं की काय होतं? 1794 मध्ये राजा चेत सिंगांचे दिवाण जगत सिंग यांच्या माणसांनी धर्मराजिका स्तूप खणून विटा-दगड नेले. त्यातून जगतगंजचा बाजार बांधायचा होता. आत एक करंडक निघाला, त्यात अस्थी होत्या. त्या गंगेत सोडल्या गेल्या. यात अनादर नव्हता. अस्थी सापडल्या की काशीचा माणूस त्या गंगेतच सोडणार! ही हकीकत लिहून ठेवली जोनाथन डंकनने. हा काशीचा रेसिडेंट, पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. एकोणिसाव्या शतकात तर सारनाथच्या 48 मूर्ती आणि कोरीव दगड वरुणा नदीवरच्या पुलासाठी पाण्यात टाकले गेले. म्हणजे ज्या वाटेने सहलीला जायचं, ती वाट सहलीच्या ठिकाणाचेच दगड घालून पक्की केली.

मग आली रेल्वे. 1887 मध्ये राजघाटला गंगेवर पूल झाला, तोच आजचा मालवीय पूल. त्याआधी पूर्वेकडून येणारा प्रवासी पैलतीरी उतरून नदी ओलांडत असे. शतक संपता संपता बेंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची मीटरगेज लाइन सारनाथजवळून गेली. 1904-05 मध्ये बांधकाम खात्याचे अभियंते ओर्टेल यांनी उत्खनन केलं आणि चार सिंहांचं शीर्ष बाहेर आलं, सुमारे सात फूट उंच. 1910 मध्ये तिथेच संग्रहालय झालं. 1931 मध्ये श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांच्या खटपटीने मूलगंधकुटी विहार उघडला. 26 जानेवारी 1950 ला ते सिंह राष्ट्राचं चिन्ह झाले. आत्याने काशीत दक्षिणा दिली, त्या प्रत्येक नाण्यावर सारनाथ होतंच की!

आता भुसावळच्या आजींकडे येऊ. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. नोव्हेंबरात ते काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना बनारस, सारनाथ, कुशीनगर करून दिल्लीला आले. 6 डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. तेव्हापासून महाराष्ट्रातून सारनाथला येणारी वाट थांबलेली नाही. त्या आजी धमेख स्तूपाला प्रदक्षिणा घालताना मला पुन्हा दिसल्या. नातवाला सांगत होत्या, "बुद्धानं पहिल्यांदा इथं शिकवलं." अशोकाने उपासकांना दर उपोसथाला इथे यायला सांगितलं होतं. मला वाटतं, तो निरोप आजींपर्यंत बरोबर पोचला होता.

आत्या आता नाही. तिला मी सारनाथला नेऊ शकलो नाही, ही चुटपुट आहे. तिचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. तिच्या यादीत ते नव्हतंच. पण यादी कोणीतरी माणसानेच केलेली असते, आणि तिच्यात एक दिवस वाढवता येतो.

म्हणून काशीला जाल तेव्हा एक दिवस राखून ठेवा. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं बघून जा. सिंह बघितल्यावर स्तंभाच्या तुटक्या भागापाशीही थांबा. आणि डब्यात शेजारी कोणी सारनाथला निघालेलं असेल, तर त्यांच्याशी बोला. मला त्या दिवशी बरंच काही त्या आजींकडून समजलं.

पुढच्या भागात आपण चुनारच्या दगडाकडे जाऊ, ज्यातून हे सिंह घडले. भेटू.