वाग्नरची रिंगटोन

हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून ‘अपोकॅलिप्स नाउ’ (१९७९) हाती लागला होता. त्यात अमेरिकन हेलिकॉप्टरं व्हिएतनाममधल्या एका गावावर तुटून पडतात, आणि तेव्हा लाउडस्पीकरवर जे वाजतं ते ऐकून अंगावर काटा आला होता. ते रिचर्ड वाग्नरचं ‘राइड ऑफ द वाल्कीरीज’. तेव्हापासून बिल्ड चालू असला की हेडफोनवर वाग्नर असतोच. मग एका शनिवारी काही काम नव्हतं म्हणून बाबाचं चरित्र वाचायला घेतलं आणि डोकंच फिरलं.

उधाऱ्या बुडवून रीगाहून पळ काढला (१८३९). ज्या हान्स फॉन ब्यूलोनं त्याच्या ‘ट्रिस्टान’चा पहिला प्रयोग उभा केला (१८६५), त्याच्याच बायकोशी याचं सूत जुळलेलं. बरं, असले कलाकार आपल्याला नवीन नाहीत. पण १८५० साली त्यानं टोपणनावानं एक लेख लिहिला. ज्यू माणसाला अस्सल संगीत रचताच येणार नाही, फार तर नक्कल जमेल, असं त्याचं सार. नेम होता मेंडेल्सन (तो तीन वर्षांपूर्वीच वारला होता) आणि मायरबेअर यांच्यावर. हा मायरबेअर म्हणजे ज्यानं वाग्नरच्या पडत्या काळात पैसे दिले, त्याचा ऑपेरा ड्रेस्डेनला लागावा म्हणून शब्द टाकला, तोच! १८६९ साली, चांगलं नाव झाल्यावर, वाग्नरनं तोच लेख स्वतःच्या नावानं पुन्हा छापला. म्हणजे ‘तरुणपणीची चूक’ म्हणायचीही सोय नाही.

आणि गंमत बघा, त्याच्या शेवटच्या ऑपेराचा, ‘पार्सिफाल’चा, पहिला प्रयोग (१८८२) कंडक्ट केला तो हेर्मान लेव्हीनं. रॅबायचा मुलगा. ख्रिश्चन हो म्हणून वाग्नर त्याच्या मागे लागला होता, पण लेव्हीनं धर्म सोडला नाही आणि वाग्नरचं संगीतही सोडलं नाही. पुढच्या वर्षी वाग्नर गेला तेव्हा खांदा देणाऱ्यांत हा होता. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

हिटलर जन्मला १८८९ साली, वाग्नर गेल्यावर सहा वर्षांनी. तो वाग्नरचा कट्टर भक्त. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली गेली. तेव्हा पॅलेस्टाइनमधल्या ज्यू ऑर्केस्ट्रानं कार्यक्रमातून वाग्नर काढून टाकला. पुढे हाच ऑर्केस्ट्रा इस्रायल फिलहार्मोनिक झाला. कायदा कुठलाही नाही, पण वाग्नर वाजवायचा नाही हे ठरून गेलं.

ते मोडायला निघाला आपला मुंबईकर झुबिन मेहता. १९८१, तेल अवीव. कार्यक्रम संपल्यावर त्यानं जाहीर केलं की आता वाग्नर वाजवणार आहोत, ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी जावं. ‘ट्रिस्टान’चा शेवटचा भाग सुरू झाला आणि सभागृहातला एक डोअरकीपर, छळातून वाचलेला, स्टेजपाशी आला आणि शर्ट उघडून त्यानं अंगावरचे व्रण दाखवले.

२००१मध्ये जेरुसलेमला डॅनिएल बॅरनबॉइमनं पुन्हा प्रयत्न केला. तो स्वतः ज्यू. आदल्या आठवड्यातल्या पत्रकार परिषदेत कुणाचा तरी मोबाइल वाजला होता, रिंगटोन ‘वाल्कीरीज’ची! फोनवर चालतं तर सभागृहात का नाही, असा त्याचा सवाल. अर्धा तास श्रोत्यांशी वादावादी झाली, काही जण दारं आपटत निघून गेले, बाकीच्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

‘कला वेगळी, कलाकार वेगळा’ हे वाक्य मला फार स्वस्त वाटतं. पण उलट्या टोकाला गेलो तर अजून पंचाईत. माणूस कोण आहे ते बघून त्याचं संगीत खरं की खोटं हे ठरवायचं, हा तर वाग्नरचाच नियम! तोच नियम लावून त्याला हद्दपार करायचं, म्हणजे त्याच्याच लेखाखाली सही करणं. म्हणून मी ऐकतो, तो लेख लक्षात ठेवून ऐकतो.

बॅरनबॉइमचा रिंगटोनवाला मुद्दा मला आधी एकदम पटला होता. आता तितका पटत नाही. रिंगटोन कट करता येते. मलाही हेडफोन काढता येतो. मेहतानंही ‘नको असेल तर जा’ असं सांगितलं होतंच की. पण ते तिकीट काढून आलेल्यांना. ज्याची दारावर ड्यूटी आहे, त्यानं कुठं जायचं?