झिजलेली नाणी आणि हजार ऑसिलेटर

पावसाळ्यात मालवणात लाइट जाते ती नेमकी माझं सिम्युलेशन सातशेचा आकडा ओलांडून पुढे गेल्यावर. कागदावरचा एकच ऑसिलेटर कॉम्प्युटरवर हजार वेळा चालवायचा, दर खेपेला त्यातले ट्रान्झिस्टर किंचित वेगळे धरायचे आणि फ्रिक्वेन्सी कितपत हलते ते मोजायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. आजी एकदा म्हणाली, "रे, एकच काम हजार येळा कित्याक करतंस?"

उत्तर तिच्याच पत्र्याच्या डब्यात सापडलं. त्यात भोकाचे पैसे होते, चार १९४३ सालचे. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवले तर कुणाचं वजन कुणाशी जुळेना. टांकसाळीतून निघतानाच उगाच थोडा फरक, मग वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आणखी.

ह्या झिजेचं गणित ज्याने मांडलं तो माणूस आमच्या शेजारचाच. दामोदर धर्मानंद कोसंबी. घराणं गोव्यातल्या सांखवाळचं. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवता शिकवता त्यांनी हजारो नाणी एकेक करून तोलली, त्यात चालू व्यवहारातली सरकारी नाणीही. त्यांना दिसलं ते असं : नाणं जितकी वर्षं फिरतं तितकं सरासरी वजन उतरतं आणि वजनांतली तफावत वाढत जाते. नुसती सरासरी पाहिली तर अर्धी हकीकत हातची जाते. याच धाग्याने ते प्राचीन आहत नाण्यांच्या काळापर्यंत पोचले. पण त्यांचं दुसरं काम आमच्या धंद्याच्या जास्त जवळचं, आणि त्याचं सालही १९४३च. ते कळायला आधी माझा धंदा सांगायला हवा.

हजार खेपांच्या पद्धतीला 'मॉन्टे कार्लो' म्हणतात, जुगाराच्या शहरावरून. १९४६ साली आजारातून उठत असलेला स्टॅनिस्लाव उलाम पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसला होता. डाव सुटण्याची शक्यता कागदावर काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजणं सोपं, हे त्याच्या ध्यानात आलं. नाव सुचवलं निकोलस मेट्रोपोलिसने. १९७०च्या दशकात बर्कलेला लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांचा 'स्पाइस' आला आणि सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायची सोय झाली. पत्त्यांचा डाव आणि स्पाइस, दोन्ही एकत्र आले की माझं काम.

माझा ऑसिलेटर रिंग जातीचा, म्हणजे इन्व्हर्टरची (घरातला नव्हे, चिपवरचा, सिग्नल उलटा करणारा) विषम संख्येची माळ, शेवटचं टोक पहिल्याला जोडलेलं. पाच इन्व्हर्टर, प्रत्येकाला २० पिकोसेकंद लागत असतील तर एक पूर्ण फेरा (एकदा वर, एकदा खाली, म्हणजे माळ दोनदा) २०० पिकोसेकंदांचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी ५ गिगाहर्ट्झ. मोजायचं कसं? सुरुवातीचे अडखळते फेरे सोडून द्यायचे. मग व्होल्टेज वर चढताना अर्धी रेषा कधी ओलांडतं त्या वेळा टिपायच्या आणि वीसेक फेऱ्यांचा हिशेब घ्यायचा. इथे नवखे हमखास फसतात. कॉम्प्युटरचं वेळेचं पाऊल जाडंभरडं ठेवलं तर गणिताची चूकच ट्रान्झिस्टरचा फरक म्हणून मिरवते. आणि एखाद्या खेपेला ऑसिलेटर सुरूच झाला नाही तर त्या शून्याला सरासरीत कालवायचं नसतं, वेगळं मोजून बाजूला मांडायचं असतं. मीही एकदा कालवलं होतं. दोन दिवस फुकट गेले. शिवाय शंभर खेपांतून काढलेल्या तफावतीवर साधारण ७ टक्क्यांचा संशय उरतो, हजारांवर २ टक्क्यांच्या आसपास. संशय निम्मा करायचा तर खेपा चौपट. लाइट जाण्याचं दुःख कळलं ना?

पाचही इन्व्हर्टर आपापल्या मर्जीने वागले तर एकाचा उशीर दुसऱ्याच्या घाईत बुडतो. माळ जितकी लांब तितकी टक्केवारीतली तफावत कमी. पण चिपवरचे शेजारी बहुधा एकाच अंगाने चुकतात, एकाच मातीतल्या माडांसारखे. तिथे माळ लांबवून भागत नाही. शेकडो एकमेकांत गुंतलेल्या चुका थोड्याशा सुट्या, स्वतंत्र घटकांत कशा उलगडायच्या? ती युक्ती कोसंबींच्या १९४३च्या निबंधात आहे. मिशेल लोएव्ह आणि फिनलंडच्या कारी कारहुनेन यांनी ती पुढच्या काही वर्षांत आपापल्या वाटेने शोधली. चिपवरची पसरलेली तफावत मोजक्या आकड्यांत बांधायला आज ती वापरतात. पुस्तकांत नाव मात्र बहुतेक ठिकाणी कारहुनेन–लोएव्ह एवढंच. काहीजण आता पुढे कोसंबी जोडतात. उशिरा का होईना.

आजीला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे गोंयचे?" मी हो म्हटल्यावर चारही पैसे परत मागून घेतले. मोजून.