खिडकीवरचे पापुद्रे

आमच्या जुन्या घराची मोठी डागडुजी गेले काही महिने चालू होती. वायरिंग झाले, गिलावा झाला, तो पुरता वाळेपर्यंत थांबणे झाले आणि एकदाचे आतल्या रंगाचे दिवस आले. रंगारी आले ते पॉलिशपेपर हातात घेऊनच. जुन्या भिंतींना चुन्याचे हात होते, त्यांची फारशी चिंता नव्हती. विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, एवढेच. खिडक्यांवर मात्र १९५० च्या दशकापासूनचे तैलरंगाचे थर होते, आणि घरात दीड वर्षांचा पुतण्या. आम्ही काम थांबवले व एक पापुद्रा प्रयोगशाळेतील सहकाऱ्याकडून तपासून घेतला. त्यात शिसे निघाले.

ते तेथे कसे आले, हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे. शिशाचे पत्रे आणि व्हिनेगर यांपासून सफेता करण्याची कृती ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व काळातच नोंदवली आहे. पुढे डच कारागिरांनी व्हिनेगरच्या मडक्यांभोवती घोड्याची लीद रचली. लीद कुजताना ऊब आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही देते. एरवी टाकाऊ मानलेल्या वस्तूचा हा उपयोग आम्हाला फार हुशारीचा वाटतो. हा सफेता जवसाच्या तेलाशी थोडी क्रिया करून चिवट, टिकाऊ थर देतो. म्हणून तो विषारी असल्याचे ठाऊक असूनही सोडवेना.

पर्याय नव्हता असे नाही. पॅरिसमधील रंगकामाचे कंत्राटदार ल्क्लेर यांनी आपले कामगार आजारी पडताना पाहून १८४० च्या दशकात जस्ताचा पांढरा रंग वापरात आणला. पण मुलांचा धोका ध्यानात आला तो ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे. तेथील मुलांना शिशाची विषबाधा होते हे १८९० च्या दशकात डॉक्टरांना कळले होते, पण शिसे येते कोठून, हे कोडे होते. नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये बोट दाखवले ते घरच्या व्हरांड्याच्या कठड्याकडे. कडक उन्हाने रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हाताला लागे, आणि नखे खाणारी, बोटे चोखणारी मुले ती गिळत. क्वीन्सलंडमध्ये त्यावर कायदा झाला १९२२ मध्ये, अठरा वर्षांनी!

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ मध्ये केलेल्या करारात इमारतींच्या आतील रंगकामात सफेता वापरण्यास, काही अपवाद वगळून, मनाई आहे. त्याच करारात, जुना रंग कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीपासून कामगारांना जपावे, असेही कलम आहे. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली १९७८ मध्ये. भारतात घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम २०१६ चा. तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. दरम्यान पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडने सफेत्याची जागा केव्हाच घेतली होती. मात्र पिवळ्या-केशरी रंगांत शिशाचे क्रोमेट टिकून होते. आमच्या खिडक्या पिवळ्याच!

रंगाऱ्यांना हे सारे सांगितले तेव्हा त्यांतील वडीलधारे म्हणाले, "साहेब, तीस वर्षं हेच घासतोय." आम्हाला उत्तर सुचले नाही. पुतण्याला आजोळी पाठवले, रंगाऱ्यांना चांगले मास्क आणून दिले आणि लाकूड पाण्याने भिजवून ओलेच खरवडले. खाली अंथरलेले प्लास्टिक पापुद्र्यांसकट गुंडाळून पिशवीत बांधले, फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. या कामात चार दिवस जास्त गेले. भिंतींचा पहिला हात त्यानंतर लागला.