अपुऱ्या मनोऱ्यावरील यारी

ऱ्हाइनकाठच्या कोलोन नगराची खूण शतकानुशतके कोणतेही पुरे झालेले शिखर नव्हते. अर्धवट मनोऱ्याच्या माथ्यावर उभी असलेली एक लाकडी यारी हीच ती खूण होती.

इ.स. 1164 मध्ये आर्चबिशप रायनाल्ड यांनी, बालयेशूच्या दर्शनास आलेल्या तीन ज्ञानी राजांच्या म्हणून पूजिल्या जाणाऱ्या अस्थी मिलानहून आणल्या, तेव्हापासून यात्रेकरूंची रीघ वाढून जुने चर्च तोकडे पडू लागले. आणि नव्यासाठी ते पाडीत असतानाच आगीत जळून गेल्यावर, 15 ऑगस्ट 1248 रोजी आर्चबिशप कोनराड यांनी नव्या कॅथीड्रलची कोनशिला बसविली. द्राखेनफेल्स डोंगरातला दगड नदीने होड्यांतून येई. 1322 मध्ये वेदीकडील पूर्वभागाचे विधिपूर्वक समर्पण झाले, पश्चिमेची उघडी बाजू तात्पुरती भिंत घालून बंद केली गेली आणि पुढे दक्षिण मनोऱ्याचे काम चालू झाले. त्यावरील यारीच्या मोठ्या चाकाच्या पोटात माणसे चालत, चाक फिरे, दोर गुंडाळला जाई आणि दगड वर चढे. परंतु धर्मसुधारणेच्या धामधुमीत देणग्या आटल्या, 1560 मध्ये खजिन्याचे दार बंद झाले आणि चाक थांबले. यारी मात्र कोणी उतरविली नाही. त्यामुळे काम सोडून दिले असे कोणास म्हणता येईना, ते नुसते बाकी राहिले.

ही बाकी फेडण्याची उमेद एका कागदाने दिली. दर्शनी भागाच्या मध्ययुगीन आराखड्याचा अर्धा तुकडा 1814 मध्ये डार्मश्टाट येथे आणि उरलेला 1816 मध्ये पॅरिसमध्ये सापडला, तेव्हा मूळ स्थपतींचा मनसुबा डोळ्यांसमोर उभा राहिला. 1842 मध्ये प्रशियाच्या राजाने पुन्हा शिला बसविली, 1868 मध्ये ती जुनी यारी खाली आली, आणि 1880 मध्ये 157 मीटर उंचीचे दोन्ही मनोरे पुरे झाले. समाप्तीच्या सोहळ्यास प्रोटेस्टंट जर्मन सम्राट हजर होता. खुद्द आर्चबिशप मात्र राज्यसत्तेशी झालेल्या तंट्यामुळे परागंदा होते.

कॅथीड्रल पुरे झाले की जगाचा अंत होईल, असे कोलोनवासी म्हणतात. 1880 नंतरही जग चालू राहिले, याचे कारण त्या कॅथीड्रलकडे पाहिले की कळते: झिजलेले दगड बदलण्याचे पाथरवटांचे काम तिथे आजही चालूच असते.