माकडांच्या टोळीतला शिरोबिंदू

टोळीच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग केला तर जेवढी संख्या येते तेवढी माकडे वनात खेळताहेत. उरलेली १२ टेकडीवर ओरडताहेत. टोळी केवढी? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तले (११५०) हे उदाहरण. उत्तरे दोन, ४८ आणि १६. आचार्यांनी दोन्ही मान्य केली.

दोहोंच्या बरोबर मध्ये ३२ येतात. टोळी शून्याऐवजी ३२ पासून मोजली, तर अंतराचा वर्ग २५६, म्हणजे अंतर १६; एकदा पुढे, एकदा मागे. आजच्या भाषेत य = क्ष²/६४ − क्ष + १२ हा अन्वस्त. तो य = (क्ष − ३२)²/६४ − ४ असा लिहिला की कळते, क्ष²/६४ चाच आलेख ३२ एकके उजवीकडे आणि ४ एकके खाली सरकला आहे. शिरोबिंदू (३२, −४).

भास्कराचार्यांनी आलेख काढला नव्हता. त्यांना फक्त मधले पद घालवायचे होते. या कृतीला मध्यमाहरण म्हणत. नियम श्रीधराचार्यांचा: वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणा, मग मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवा. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ हरवला. भास्करांनी उद्धृत केला म्हणून नियम वाचला. भास्करांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटणला मठ स्थापला. याची नोंद असलेला तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

वर्ग पूर्ण करण्याची हीच युक्ती चित्रातही दिसते: बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात क्ष² + १०क्ष = ३९ सोडवताना खरोखरचा चौरस काढला आणि त्याचे रिकामे कोपरे २५ ने भरले.

वक्राचे घराणे निराळे. ग्रीक अपोलोनियसने इ.स.पू. २०० च्या सुमारास शंकूच्या छेदांतून अन्वस्त अभ्यासला, शिरोबिंदूसह. पण आजच्यासारखे समीकरण त्याच्या हाती नव्हते. समीकरण आणि वक्र यांची सोयरीक जुळली सतराव्या शतकात, देकार्त आणि फर्मा यांच्या हातून. त्यानंतरच मधले पद घालवणे म्हणजे आलेख सरकवणे, हे डोळ्यांना दिसू लागले.

शाळेत मात्र हा दुवा सुटतो आहे. उदाहरणार्थ, चंडीगडच्या सरकारी शाळांत एनसीईआरटीची पुस्तके चालतात. दहावीच्या पुस्तकातून २०२२ च्या छाटणीत पूर्ण वर्ग पद्धत, म्हणजे मध्यमाहरणच, गेली; मुळांचे सूत्र राहिले. पुढे शिरोबिंदू काढायची वेळ आली की मुले −ब/२अ पाठ करतात. तो अपूर्णांक मधल्या पदाच्या निम्म्यातून येतो, हे आता शिक्षकानेच फळ्यावर मांडून दाखवायचे.