ओवीपासून कॅसेटपर्यंत

गाणे आवडले की ते मैत्रिणीला दिल्यावाचून चैन पडू नये, हा आपणां बायकांचा जुना स्वभाव आहे. जात्यावर एकीने ओवी म्हणावी, दुसरीने ती उचलावी आणि सासरी न्यावी. पुढे शाळेत जाणाऱ्या मुली एकमेकींच्या वहीतून गाणी उतरवून घेऊ लागल्या. १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र निघाले, १९५७ साली विविध भारती सुरू झाली. पण रेडिओवरचे गाणे वाऱ्यावर निघून जाई. ते जपून ठेवून दुसरीच्या हाती देता येत नसे.

ती सोय कॅसेटने केली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली. आपल्या घराघरांत ती शिरली १९८० नंतर. तबकडी महाग, शिवाय ती घरी भरता येत नसे. कॅसेट स्वस्त आणि कोरीही मिळे. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस तीस मिनिटे, म्हणजे सहा-सात गाणी मावत.

१९९७-९८ च्या सुमारास मी आणि हिंगणघाटची माझी मैत्रीण अशा कॅसेटी भरून एकमेकींना पाठवीत असू. यादी करून वर्ध्याच्या दुकानात दिली की गाणी भरून मिळत. पैसे नसले की रेडिओपाशी टेपरेकॉर्डर ठेवून घरीच भरायची. मग गाण्यात कुकरची शिट्टीही येई! कोणते गाणे आधी, कोणते शेवटी, यावरून एकमेकींचे मन कळे. पत्र आले तर घरातले सगळे वाचीत. कॅसेटमधले आमचे बोलणे मात्र कोणाला कळत नसे.

याच नादात लग्नानंतर माझ्या हातून एक चूक झाली. सासूबाईंच्या ओव्या आणि तुकडोजी महाराजांची भजने त्यांच्याच आवाजात दिरांनी एका कॅसेटवर भरली होती. कॅसेटच्या पाठीला दोन लहान जिभा असतात. त्या मोडल्या म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. त्या कोणी मोडल्या नव्हत्या. कॅसेट कोरी समजून मी तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माहा आवाज गेला तं गेला, बाई. ओव्या तं तुले येतात ना?"

मला त्या येत नव्हत्या. आज सासूबाई नाहीत.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पुष्कळशा टेपवरही भरल्या. म्हणून त्या आज ऐकायला मिळतात. आपल्या घरचा आवाज आपणच राखला पाहिजे.

तुमच्या कपाटात जुनी कॅसेट असेल तर आधी तिच्या जिभा मोडा. दमटपणाने तिला बुरशी लागते, म्हणून उशीर करू नका. माझा टेपरेकॉर्डर अजून चालतो. शनिवारी दुपारी तो मी मंडळात आणीन. मोबाईलवर गाणी उतरवायला मुली मदत करतील. कॅसेट मात्र तुम्ही आणा.