सही कुणाची?

रियाधच्या अल सुलै भागात तुम्ही अभियंता म्हणून काम करत असाल, तर नुसती पदवी पुरत नाही, सौदी अभियंता परिषदेची नोंदणीही लागते, हे तुम्ही जाणताच. ही परिषद 2002 साली स्थापन झाली. भारतात वास्तुविशारदांसाठी 1972 सालीच केंद्राचा कायदा आला. इमारतीच्या मजबुतीची सही करणाऱ्या अभियंत्यांची नोंदणी मात्र महापालिकांकडे राहिली. मुंबईत इमारतीला 30 वर्षं झाली, की अशा नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. सही करणारा जबाबदारीही घेतो. तुमचे आईवडील मुंबईत जुन्या इमारतीत राहतात? मग आजच्या फोनवर एवढं विचाराच: तपासणी कधी झाली, सही कुणाची?